पाव कापायची फळी ते ब्रेडबोर्ड

[दृश्य : लाकडी फळी, पाव, सुरी]

पाव कापताना सुरी टेबलाला लागू नये म्हणून खाली ठेवायची ही फळी. ब्रेडबोर्ड. इंग्लंडात ती बहुतेक वेळा गोल असायची आणि कडेला गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या असायच्या. अमेरिकेत साधी, चौकोनी.

[दृश्य : तशीच फळी, वर व्हॉल्व्ह, कॉइल, तारा]

आणि ही तशीच आणखी एक फळी. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल रेडिओवरून सांगितले. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत घरच्या घरी रेडिओ जुळवण्याचं वेड पसरलं. तयार संच महाग होते. सुटे भाग मिळत होते, पण ते बसवायचे कशावर? पावाची फळी घरातच होती. कोरड्या लाकडातून वीज जात नाही. त्यात खिळा सहज बसतो, स्क्रू सहज फिरतो. एखादा भाग चुकीच्या जागी बसला, तर स्क्रू काढून तो दोन बोटं सरकवता येतो.

[दृश्य : क्लोजअप]

हे व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचे, सॉकेट, थेट लाकडात स्क्रूनं आवळलेले. या स्प्रिंगच्या क्लिपा : दाबायची, तार आत घालायची, सोडायची. आणि या तारा पाहा. जाड तांब्याच्या, प्रत्येक वळण काटकोनात. कुठेही झाकण नाही. बॅटरीपासून हेडफोनपर्यंत वीज कशी जाते, ते बोट फिरवून दाखवता येतं. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅटवॉटर केंट कंपनीनं तर पॉलिश केलेल्या फळीवर असे उघडे रेडिओ मांडून विकले.

मग रेडिओ पेटीत गेला. जुलै १९२८ मध्ये मिसूरीतल्या चिलिकॉथी गावात यंत्रानं कापलेला पाव दुकानात आला. फळीची दोन्ही कामं एकाच दशकात कमी झाली. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तिचं नाव मात्र सोडलं नाही : सोल्डर न करता सर्किट जुळवून पाहायच्या बोर्डाला ते आजही ब्रेडबोर्डच म्हणतात.

[दृश्य : तळहातावर आयसी]

पुढे ट्रान्झिस्टर आला, त्यापाठोपाठ आयसी : एका चिपमध्ये मावलेलं अख्खं सर्किट. दोन पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर. हा काही फळीवर ठोकता येत नाही. १९७१ मध्ये कनेक्टिकटमधल्या ई अँड एल इन्स्ट्रुमेंट्सच्या रोनाल्ड पोर्तुगाल यांनी नव्या ब्रेडबोर्डचा आराखडा केला, आणि आज जगभर वापरात असलेला पांढरा बोर्ड त्याच घडणीचा आहे.

[दृश्य : बोर्डाच्या पाठीचा कागद सोलला जातो]

हे दृश्य प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा तरी पाहायला हवं. आत धातूच्या पट्ट्या आहेत, ओळीनं. एका पट्टीवर पाच भोकं. भोकाखाली कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखे दोन ओठ. तार वरून दाबली की ते तिला धरतात, ओढली की सोडतात. म्हणजे एका ओळीतली पाच भोकं एकमेकांना जोडलेली, शेजारची ओळ पूर्ण वेगळी. मधली खाच आयसीसाठी : एका बाजूचे पाय अलीकडे, दुसऱ्या बाजूचे पलीकडे. कडेच्या लांब पट्ट्या प्लस आणि मायनससाठी. काही बोर्डांवर या लांब पट्ट्या मध्येच तुटलेल्या असतात. अर्धं सर्किट मेलेलं दिसलं की आधी तिथे मल्टिमीटर, म्हणजे वीज आणि जोडणी तपासायचं मीटर, लावा. मोठ्या बोर्डावर एकूण ८३० भोकं.

[दृश्य : ५५५ टायमर बसवला जातो]

हा ५५५. १९७२ पासून बाजारात असलेला आठ पायांचा टायमर आयसी. दोन आणि सहा नंबरच्या पिना खाचेवरून तारेनं जोडल्या. सात नंबरच्या वर १ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा भाग, खाली ६८ किलोओहमचा. वीज साठवायला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तीन नंबरवर रेझिस्टर लावून एलईडी. बॅटरी जोडली.

[दृश्य : एलईडी सेकंदाला साधारण एकदा लुकलुकतो]

आता ६८ चा रेझिस्टर काढून ६.८ किलोओहमचा लावला.

[दृश्य : एलईडी भराभर]

वेग जवळजवळ दसपट. सोल्डरिंग आयर्न गरम करावी लागली नाही, जुना रेझिस्टर जसाच्या तसा डब्यात परत गेला. सूत्र पुस्तकात असतंच. पण रेझिस्टर बदलला की काय होतं, ते असं स्वतःच्या हातानं कळायला हवं.

[दृश्य : लॅमिंग्टन रोडवरची दुकानं]

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे बोर्ड टांगलेलेच असतात. पण आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांत विद्यार्थ्यासमोर तयार ट्रेनर किट येतं. सर्किट आत आधीच जोडलेलं. त्यानं चार पॅच कॉर्ड, म्हणजे तयार जोडतारा, लावायच्या, रीडिंग घ्यायचं, जर्नल भरायचं. चूक करायला जागाच नाही. आणि चूक शोधता येणं हाच तर या विद्येचा अर्धा भाग आहे.

बोर्डाला मर्यादा आहेत : शेजारशेजारच्या पट्ट्या नकळत काही पिकोफॅरडच्या छोट्या कपॅसिटरसारख्या वागतात, फार वेगवान सर्किट त्यावर बिघडतं, जास्त करंट सोसत नाही. जमलेलं सर्किट शेवटी पीसीबीवरच, म्हणजे भाग कायमचे सोल्डर करायच्या छापील पाटीवरच, जातं.

[दृश्य : प्रयोगशाळा, मुलं-मुली बोर्डावर वाकलेली]

आमचं म्हणणं एवढंच : डिप्लोमाच्या पहिल्या सत्रात प्रत्येकाला स्वतःचा बोर्ड द्या. चौघांत एक नको. आणि ट्रेनर किट त्यानंतर बाहेर काढा.