फडावरची प्रश्नावली

[दृश्य: पहाटेचा अंधार, उसाचा फड, हलणाऱ्या बॅटऱ्या]

पहाटेचे साडेचार. कोल्हापूर जिल्ह्यातला एक फड. कोयते चालू होऊन तास झालाय. ही ऊसतोड मजुरांची टोळी बीड जिल्ह्यातली. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या तालुक्यांतून दसरा-दिवाळी उरकली की अशा टोळ्या निघतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावाकडे कोणी फिरकत नाही.

बांधावर वही घेऊन बसलेली ही मुलगी त्यांच्याच भागातली. आईबाप तोडणीला गेले की ती आजीजवळ राहून शिकली. आता पीएच.डी. करतेय. प्रबंधाचं नाव लांबलचक आहे. त्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आरोग्य आहे, त्यांच्या लेकरांची शाळा आहे आणि या दोन्हींत कोणाच्या वाट्याला काय येतं, हा प्रश्न आहे.

[दृश्य: मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई]

पुरुष तोडतो, बाई मोळी बांधते, आणि ट्रक आला की दोघं मिळून भरतात. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला. टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजूर जमवणारा मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि व्यवहार नवऱ्याच्या नावावर होतो. या प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर मात्र कोयत्याचे दोन रकाने केलेत. मार्गदर्शकांनी विचारलं होतं, कुटुंब हे एकक धरलं तर काय बिघडतं? ती म्हणाली, दुखणं कुटुंबाला होत नाही, बाईला होतं.

[दृश्य: कोप्यांची, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांची, रांग, चूल, कागद हातात घेऊन बसलेल्या बायका]

पहिली अडचण आली संमतिपत्राची. विद्यापीठाच्या नीतिसमितीला प्रत्येकीची सही किंवा अंगठा हवा होता. नियम चांगलाच आहे, संशोधनात कोणाची फसवणूक होऊ नये म्हणून केलेला. पण इथल्या माणसांचा अंगठा आजवर उचलीच्या कागदावर लागलाय. शाईचा डबा दिसला की बायका उठून जायच्या. शेवटी तिने समितीला पत्र लिहिलं. फडावर कागद आणि कर्ज एकच समजतात, हे उदाहरणांसह मांडलं. समितीने साक्षीदारासमोर तोंडी संमती घ्यायला परवानगी दिली. अर्ज, दुरुस्ती, पुन्हा अर्ज, यात अर्धा हंगाम सरला होता.

दुसरी अडचण वेळेची. इथे रविवार नसतो. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग मुलाखत घ्यायची कधी? कोपीत नवरा-सासू असतात. त्यांच्या देखत पाळीबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काही त्रास नाही.’ म्हणून ती पाण्याला जाणाऱ्या बायकांबरोबर चालत जाते. एक हंडा तिच्याही डोक्यावर असतो. प्रश्न रस्त्यात विचारायचे, नोंद परत आल्यावर करायची.

[दृश्य: विहिरीकडची वाट, तिघी-चौघी बोलत चालल्यात]

ही नोंद कोणत्या पार्श्वभूमीवर होतेय, तेही सांगायला हवं. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहा जणींमागे एक. पुढे जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं.

प्रश्नावलीत सुरुवातीला ‘पिशवी कधी काढली, कुठे काढली’ एवढंच होतं. एका बाईने सुचवलं, पैसे कोणी दिले तेही विचार की. तो प्रश्न आता चौदावा आहे. उत्तर बहुतेक वेळा मुकादमाशी येऊन थांबतं. शस्त्रक्रियेचा खर्च उचलीत धरला जातो, आणि तो फेडायला तीच बाई पुढच्या हंगामात पुन्हा फडावर येते. सुचवणाऱ्या बाईचं शिक्षण तिसरीपर्यंत. प्रबंधातलं सगळ्यात दमदार प्रकरण या एका प्रश्नावर उभं आहे, आणि ते आम्हाला सांगायलाच हवं.

[दृश्य: पाचटावर बसलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी, मांडीवर धाकटा भाऊ]

हिचं नाव गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर आहे. कधीकाळी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरायच्या. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला. मुलांनी जवळच्या नियमित शाळेत जावं असं ठरलं आणि साखरशाळा मागे पडल्या. जवळची शाळा या फडापासून किती लांब, हे संशोधन करणाऱ्या मुलीने पायी चालून, घड्याळ लावून मोजलंय. गावात हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण आईबापाविना तिथे मुलगी ठेवायला घरचे धजावत नाहीत. शिवाय धाकट्याला कोण सांभाळणार?

या लेकरांच्या आईचंही तसंच. तिची नोंद बीडमधल्या आशाताईंच्या वहीत. त्या वहीतली गरोदर बाई इथे ऊस वाहतेय, आणि इथल्या आशाताईंच्या यादीत तिचं नाव नाही. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, लस, तपासणी, सगळं पत्त्याला जोडलेलं. पाहण्याही बहुतेक गावातच होतात. म्हणून हे संशोधन टोळीबरोबर फिरतं.

[दृश्य: रात्र, मोबाइलच्या उजेडात आकडे उतरवणारे हात]

अधिछात्रवृत्तीचा हप्ता वेळेवर येईलच असं नाही. एसटीचं भाडं आणि झेरॉक्स तोवर स्वतःच्या खिशातून.

[दृश्य: गावातलं मंदिर, पारावर बसलेल्या बायका]

पट्टा पडल्यावर तिने कच्चे तक्ते गावात वाचून दाखवले. बायकांनी दोन ठिकाणी आकडे दुरुस्त करायला लावले. एका प्रसूतीची नोंद राहून गेली होती, ती त्यांनीच भरून दिली. प्रबंध यंदा सादर होईल. त्याचा मराठी सारांश जिल्हा परिषदेच्या आरोग्य आणि शिक्षण विभागांकडे जाईल, एक प्रत कारखान्याकडेही.