माझी सुई, माझी मर्जी?

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे ‘स्टेरॉइड आणि वैयक्तिक निवड’. निवडीकडे मी येणारच आहे. आधी एक तक्रार.

आपल्या घरांत जिममधून आलेला कुठलाही डबा म्हणजे स्टेरॉइड. मुलाने व्हे प्रोटीन आणले की आई हादरते. अहो, दूध फाडल्यावर जे पाणी उरते, त्यातले प्रथिन सुकवून केलेली ती पूड. डबा अंगणात जातो आणि खऱ्या स्टेरॉइडची कुपी मोज्यांच्या कप्प्यात सुखरूप राहते! उलट दम्याचा पंप ओढणाऱ्या आजोबांना कोणीतरी सांगतो, त्यात स्टेरॉइड आहे हां. आहे, पण ते कॉर्टिकोस्टेरॉइड. त्या जातीच्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर स्नायू झिजतात. आजोबांचे दंड फुगणार नाहीत, निर्धास्त राहा.

आपण बोलतोय ते अॅनाबोलिक स्टेरॉइडविषयी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) आणि त्याची भावंडे. जिमच्या भाषेत टेस्ट, डेका, विनी, ट्रेन. ट्रेनचा कोकण रेल्वेशी संबंध नाही. ट्रेनबोलोन हे मांसासाठी पोसलेल्या गुरांचे औषध.

आता माझी आवडती गोष्ट. अमेरिकेत जॉन झिग्लर नावाचा डॉक्टर वेटलिफ्टिंगच्या संघाबरोबर असे. रशियन लिफ्टर टेस्टोस्टेरॉन घेतात असे त्याच्या कानावर आले. १९५८ मध्ये सीबा कंपनीची डायनाबोल ही गोळी बाजारात आली आणि झिग्लरने ती आपल्या लिफ्टरना दिली, अगदी थोड्या मात्रेत. लिफ्टरांनी मनाशी हिशेब केला: एका गोळीने एवढे, तर चार गोळ्यांनी किती? डॉक्टरला न सांगता मात्रा वाढत गेली, आणि पुढे झिग्लरला या प्रकरणाचा पश्चात्ताप झाला. आपल्या जिममध्ये आजही तोच त्रैराशिकाचा हिशेब चालतो. फक्त झिग्लर नाही. त्याच्या जागी ट्रेनर आहे, आणि कुपी विकणाराही बहुतेक वेळा तोच.

‘याने काही होत नाही, सगळे मनाचे खेळ’ असे पूर्वी डॉक्टर मंडळी सांगत. पोरे हसत, कारण आरशात दिसत होते. १९९६ मध्ये शालेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी हा वाद संपवला. निरोगी पुरुषांना १० आठवडे, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिले. कमतरतेच्या उपचारात साधारण १०० देतात, हे सहापट. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे २ किलो वाढले. सुई घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचे ३.२ किलो. ऐका हं, न करणाऱ्यांचे! दोन्ही करणाऱ्यांचे ६.१ किलो. जिममध्ये हे आकडे पाठ असतात. १० आठवडेच, औषध खरे, आहार मोजलेला, डॉक्टर समोर, हे मात्र कोणी पाठ करत नाही.

बिघडते कुठे ते बघा. पुरुषाचे शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवते. बाहेरून पूर आला की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम देणे थांबवते. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. जादा टेस्टोस्टेरॉनपैकी काहीचे इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, होते आणि छातीत गाठ धरते. त्याला पोरे ‘गायनो’ म्हणतात. घट्ट झालेली गाठ गोळीने जात नाही, शस्त्रक्रिया लागते. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांच्या रेणूत यकृताने लवकर मोडू नये म्हणून फेरफार केलेला असतो, आणि मार यकृतालाच बसतो. चांगले कोलेस्टेरॉल, एचडीएल, कोसळते. रक्त दाट होते: हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेले तर उपचारासाठी चालू असलेले टेस्टोस्टेरॉनही डॉक्टर थांबवतात. हृदयाची भिंत जाड होते, ती रक्ताच्या अहवालात दिसत नाही, इको काढावा लागतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची उंची वाढायची राहिली असेल तर हाडांची टोके लवकर जुळतात आणि उंची तिथेच थांबते.

आणखी एक बारकावा. यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी, एसजीओटी हे आकडे जड व्यायामानेही वाढतात; म्हणून त्याच तपासणीतला जीजीटी सोबत बघायचा, तो स्नायूतून येत नाही. हे माहीत नसले की निरोगी पोरगा उगाच घाबरतो आणि आजारी पोरगा ‘व्यायामाने वाढलंय’ म्हणून सुटतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटे. बरे, निवडीकडे.

प्रौढ माणसाचे शरीर त्याचे आहे, हे मला मान्य आहे. ब्रिटनमध्ये स्वतःपुरते बाळगणे गुन्हा नाही. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने तो केला. आपल्याकडे ही औषधे शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. बोट विकणाऱ्याकडे आहे, आणि ते तिथेच राहावे. पोराला पोलिसात नेऊन त्याचा हिमॅटोक्रिट उतरत नाही.

पण मर्जी म्हणायला माहिती लागते. फेणी घेताना गोवेकर विचारतो, भट्टी कुठली? सत्तरी तालुक्यातली? मग नाकाला लावतो. कुपीचे काय करणार? लेबलवर डेका, आत स्वस्तातले दुसरेच, किंवा नुसते तेल. आणि तेल निर्जंतुक नसले तर नितंबात पू.

दुसरे, स्पर्धा. मंचावर पहिला घेतो तेव्हा दुसऱ्याला घ्यावेच लागते; तिथे मर्जी एकट्याची उरत नाही. ज्याला घ्यायचे त्याने तपासणी नसलेल्या मंचावर जावे, चाचणीच्या स्पर्धेत नाव देऊन दुसऱ्याची ढाल नेऊ नये. आणि शेवटच्या दिवशी पाणी काढणाऱ्या गोळ्या घेतात, त्या तर सर्वांत लवकर मारतात. १९९२ मध्ये मोहम्मद बेनअझीझा हा नामवंत सौष्ठवपटू स्पर्धा संपल्यावर काही तासांत गेला, तो शरीर असे कोरडे केल्यामुळेच.

तिसरे, ज्यावर मला अर्धा तास बोलायचे होते. कोर्स थांबला की स्वतःचे टेस्टोस्टेरॉन परत यायला महिने लागतात, कधी वर्षही. त्या काळात माणूस उदास, थकलेला, आणि आरशात रोज थोडा लहान. त्यावर हाताशी असलेला उपाय एकच, पुढची सुई. म्हणून पहिला कोर्स मर्जीने घेतला असे मी मानतो. तिसऱ्याला तोच शब्द लावायला माझी जीभ वळत नाही. अशा पोराला घरच्यांनी ओरडू नये. एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, न्यावे आणि काय घेतले, किती, कधी थांबवले ते लपवू नये. लपवले तर डॉक्टर कमी टेस्टोस्टेरॉनचे कारण भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरी चिठ्ठी आली. चहा झाला म्हणतात. प्रश्न तिथेच विचारा. तेवढा ‘सर, सुरुवातीला डोस किती’ हा नको. मागच्या रांगेत दोघांनी तोंड उघडलेले दिसतेय.