रस्त्याकडेच्या वेली

(नाशिक येथे शेतकरी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर द्राक्ष बागायतदार बरेच बसलेत, म्हणून बोर्डोपासूनच, म्हणजे वेलींवरचा रोग रोखायला फवारतात त्या मिश्रणापासून, सुरुवात करतो. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. निफाड-दिंडोरीकडच्या पोरांनाही हे तोंडपाठ असतं. पण हे मिश्रण आलं ते चोरांच्या त्रासामुळे. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेडॉक भागात वाटसरू कडेची द्राक्षं तोडून खायचे, म्हणून बागवाले रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. निळी पानं बघून कोणी हात लावत नसे. १८८२ साली मिलार्डे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिथून चालले होते. आतल्या वेलींची पानं केवडा, म्हणजे डाऊनी, या रोगानं गळून गेलेली आणि रस्त्यालगतच्या वेलींवर पानं शाबूत.

कशामुळे? आपण लगेच म्हणू, मोरचुदामुळे. पण रस्त्याच्या कडेला ऊन जास्त लागतं, वारा खेळता असतो, पान लवकर वाळतं. धूळही बसते. बदलू शकणाऱ्या अशा प्रत्येक गोष्टीला विज्ञानात चल म्हणतात, आणि त्या वेलींच्या बाबतीत तीन-चार चल एकदमच बदललेले होते. नुसतं बघून त्यातला खरा कोणता, हे कोणालाच सांगता आलं नसतं. मिलार्डेंनी गेयों या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेतलं, मुद्दाम फवारण्या करून पाहिल्या आणि १८८५ साली निष्कर्ष छापले.

नुसतं बघून ठरवण्याची चूक मी आमच्या बागेत केली आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर एक टॉनिक आम्ही फक्त पूर्वेकडच्या अर्ध्या बागेला मारलं. त्या बाजूचे घड असे भरले की वडिलांनी शेजाऱ्यांनाही तेच घ्यायला सांगितलं. नंतर लक्षात आलं, पूर्वेकडची छाटणी मजूर न मिळाल्यामुळे आठ दिवस उशिरा झाली होती. मधे पाऊस येऊन गेला, तो पश्चिमेकडच्या कोवळ्या फुटव्यांना नेमका सापडला. मग श्रेय कोणाला द्यायचं, टॉनिकला की तारखेला?

पुढच्या हंगामात वीस ओळी घेतल्या. छाटणी एकाच दिवशी, पाणी सारखं. कोणत्या दहा ओळींना टॉनिक मारायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. उरलेल्या दहांवर साधं पाणी मारलं. चिठ्ठी एवढ्यासाठी, की आपण ठरवायला गेलो तर हात चांगल्या ओळीकडे वळतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम करताना १९२०च्या दशकात हाच आग्रह धरला होता. टॉनिक हा आमचा स्वतंत्र चल, म्हणजे आपण मुद्दाम बदललेला, घडाचं वजन हा त्यावर अवलंबून असलेला चल. काट्यावर दोन्हीकडचे घड जवळपास सारखे भरले.

आता सिद्धांताबद्दल. ‘ती नुसती थिअरी आहे हो’ असं आपण फार सहज म्हणतो, आणि मला ते मनापासून खटकतं. मनात आलेला अंदाज म्हणजे सिद्धांत नव्हे. केवड्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहतात, पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात. तांबं त्यांना शिरण्याआधीच मारतं. हे वारंवार तपासून पक्कं झालेलं आहे, आणि त्यातून तुमच्या कामाच्या गोष्टी आपोआप निघतात: फवारणी पावसाच्या आधी हवी, पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, आणि रोग आत गेल्यावर बोर्डो मारून उपयोग नाही. मोजायचं काय, तेही सिद्धांतच सांगतो. पान किती तास ओलं राहिलं, याची नोंद त्याशिवाय कोण ठेवेल?

वडिलांना मात्र एक गोष्ट कधी पटली नाही. बोर्डोची परीक्षा घ्यायची तर काही ओळी न फवारता सोडाव्या लागतात. ते म्हणाले, “पोटच्या पोरासारखी वाढवलेली वेल मी मुद्दाम मरू देऊ?” त्यांच्यापुढे मी गप्प बसलो. शेवटी बांधाकडच्या, तशाही काढून टाकायच्या असलेल्या दोन ओळी त्यांनी दिल्या. त्यांची वही आज सोबत आणली आहे. त्या दोन ओळींचं पान दुमडून ठेवलंय, जाताना जरूर बघा.