महिला मंडळाची वास्तू: कागद काय म्हणतो?

(धुळ्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भगिनींनो आणि बंधूंनो,

आपण धुळ्याची माणसं पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतो. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने इथे नवी पेठ आखली, व्यापाऱ्यांना बोलावून वसवलं. कचेरीला, दुकानांना जागा मिळाली. बायकांच्या उठण्याबसण्याला जागा लागते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

म्हणून बायका जमत नव्हत्या असं नाही हं! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत, सासरची उणीदुणी काढत. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे प्रसादाला, अख्खी भाऊबंदकी गोळा होई. पण सण सरला की बैठक मोडली.

१८७९ साली माधवराव रानड्यांची बदली धुळ्याला झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा काळ. सरकारचा रानड्यांवरही संशय, त्यांची पत्रं फोडली जात. सोबत पत्नी रमाबाई, वय सतरा. याच रमाबाईंनी पुढे मुंबईत हिंदू लेडीज सोशल क्लब काढला, १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. सेवासदनाचे वर्ग सुरू झाले ते रानड्यांच्या वाड्यात. वाडा हाताशी होता म्हणून जमलं. खानदेशात किती जणींच्या हाती वाडे होते?

स्वातंत्र्यानंतर गाडी पुढे सरकली. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख पहिल्या अध्यक्ष. बालवाडी, शिवणवर्ग यांसाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळू लागलं. मग हळदीकुंकवाच्या मंडळातही प्रोसिडिंग बुक आलं, ऑडिट आलं. मंडळाच्या इमारतीत खाली बालवाडी, वर हॉल, आणि हॉल साखरपुड्याला भाड्याने. वीजबिल त्यातूनच निघतं, नाक मुरडू नका.

अशा इमारतीत गेलात की जिन्याजवळची संगमरवरी पाटी वाचा. ‘कै. अमुकशेठ यांच्या स्मरणार्थ’ ठळक. जिने पैसे दिले ती खाली, बारीक अक्षरात, ‘सौ.’ लावून. मला त्याचा राग येतो. पण पाटीपेक्षा कागद महत्त्वाचा.

भर बाजारातल्या जागेवर डोळा असणारे कमी नाहीत. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ इथे आडवं येतं. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाची, म्हणजे ट्रस्टची, इमारत विकता येत नाही, तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. मात्र त्यासाठी जागा न्यासाच्या नावावर हवी आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, चढलेली हवी. बऱ्याच ठिकाणी घोडं पेंड खातं ते इथेच. जुन्या विश्वस्त वारतात, नव्यांचा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, कुणी दाखल करत नाही, आणि कागदावर मंडळ चालवतात त्या स्वर्गातल्या बायका.

ज्या मंडळांनी परिशिष्टाची नक्कल आणली असेल त्यांनी चहा घेऊन पुढच्या टेबलाशी या. मिळकतीचा रकाना आधी बघू.