ससा की वटवाघूळ? खुणा वाचा, मग जाळी घ्या

(हातात हरभऱ्याचं रोप)
देठ बघा. तिरका, विळ्याने कापल्यासारखा साफ. हे सशाचं काम. रोही (नीलगाय) खातं तेव्हा टोक फाटतं, कारण त्याला वरचे पुढचे दातच नाहीत. सशाला वर चार असतात: दोन मोठे, त्यांच्या मागे दोन बारीक. म्हणूनच ससा उंदीर-घुशींच्या गणात बसत नाही.

(पपई दाखवत)
ही पपई झाडावरच पिकली होती. खाली चोथ्याच्या चपट्या गोळ्या पडल्यात. मोठं फळखाऊ वटवाघूळ गर जिभेने टाळूवर दाबतं, रस गिळतं, चोथा थुंकतं. पंख उघडले की चार-पाच फूट, पण वजन दीड किलोच्या आसपासच. उडणाऱ्याला पोटात ओझं परवडत नाही, म्हणून खाल्लेलं साधारण अर्ध्या तासात बाहेर.

ससा नेमका उलटा. गवत एका फेरीत पचत नाही, म्हणून तो स्वतःची मऊ लेंडी परत खातो. बांधावर दिसतात त्या कोरड्या, गोल लेंड्या दुसऱ्या फेरीच्या!

आता केळी. रावेर-यावलचा घड हिरवाच कापला जातो, त्यामुळे वटवाघळाला तिथे फारसं काही मिळत नाही. बागेत चुकून पिकलेला घड राहिला, तर तो मात्र फोडणार. तो आधी काढा. उष्टं फळ खाऊ नका, गुरांनाही घालू नका, पुरून टाका. खाली पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका.

सशासाठी कोंबडीजाळी: भोकं इंचभर, उंची तीन फूट, खालचा अर्धा फूट बाहेरच्या बाजूला वाकवून मातीत. हा भाग गाडला नाही, तर ससा खालून सहज घुसतो. काढणीत पिल्लू दिसलं तर हलवू नका. आपला ससा राहायला बीळ करत नाही. पिल्लं केसाळ आणि उघड्या डोळ्यांचीच जन्मतात आणि आई येईपर्यंत गप्प पडून राहतात.

मारायचा विचार सोडा. ससा 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. फळखाऊ वटवाघळं त्याच कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. शिवाय मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं, चिंचेवरची वसाहत एकदा उठली की लवकर भरत नाही.

फळझाडावर जाळी टाकताना ती पांढरी घ्या, सांगाड्यावर ताणून बांधा. सैल जाळीत पंख अडकतो आणि सोडवणारा चावा खातो. दुकानातच भोकात करंगळी घालून बघा. गेली, तर ती जाळी घेऊ नका.