गेंडा जगतो गवतावर

चितवनबद्दल बोलताना सगळे गेंड्यांच्या आकड्यांपासून सुरुवात करतात, आणि ते आकडे आहेतही तसेच. नेपाळच्या दक्षिण भागात, हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या या तराईत 1960 च्या दशकाच्या अखेरीस जेमतेम शंभरेक एकशिंगी गेंडे उरले होते. 2021 च्या गणनेत देशभरात 752 भरले, त्यातले 694 एकट्या चितवन राष्ट्रीय उद्यानात. पण आज मला गवताबद्दल बोलायचं आहे. कारण गवत गेलं तर एकही गोळी न झाडता गेंडा जाईल.

या तराईत पूर्वी मलेरिया इतका होता की बाहेरचा माणूस मुक्कामाला धजावत नसे. थारू लोक मात्र पिढ्यानपिढ्या तिथे राहत आले. नेपाळवर सत्ता गाजवणाऱ्या राणा घराण्यानं हे जंगल शिकारीसाठी राखलं होतं. 1911 साली इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज शिकारीला आले तेव्हा काही दिवसांत 39 वाघ आणि 18 गेंडे मारले गेले. तरीही जंगल उभं होतं. 1950 च्या दशकात डीडीटीची फवारणी झाली, मलेरिया हटला आणि डोंगरातली माणसं जमिनीसाठी खाली उतरली. कुरणं नांगराखाली गेली, शिकार वाढली. मग 1964 मध्ये हजारो लोकांना तिथून उठवलं आणि 1973 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. गवत, सरपण, मासे या थारूंच्या रोजच्या गोष्टी एकाएकी गुन्हा ठरल्या. गेंडा वाचला याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्याची किंमत कुणी मोजली हेही सांगायलाच हवं.

आता गवताकडे येतो. राप्ती, नारायणी आणि रेऊ या नद्या पावसाळ्यात काठ तोडतात, पात्र बदलतात, मागे वाळूची नवी जमीन ठेवतात. तिथे पहिल्यांदा कास नावाचं गवत उगवतं. त्याचा कोवळा पाला गेंड्याला फार प्रिय. पावसाळ्यात भेल्लरच्या झाडाखाली टणक हिरवट फळं पडतात, तीही तो खातो. गेंडे पुन्हा पुन्हा ठरावीक जागी येऊन शेण टाकतात. कुरणातल्या अशा ढिगाजवळ वाकून पाहिलंत तर शेणातून भेल्लरची रोपं दाटीनं वर आलेली दिसतात. तिथे त्यांना खतही मिळतं आणि ऊनही. म्हणजे गेंडा स्वतःच्याच कुरणात जंगल पेरत असतो! ते कुरण मोकळं राहतं पुरामुळे, आणि दर हिवाळ्यात फिरणाऱ्या विळ्यामुळे व आगीमुळे. गावकऱ्यांना छपराचं गवत कापायला उद्यानात काही दिवस सोडतात. उरलेलं जाळलं की हिरवे कोंब फुटतात आणि हरणं त्यावर येतात.

या कुरणांवर आता मिकानिया चढली आहे. ही मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली वेल. आपल्याकडच्या घाणेरीसारखीच परकी, पण ही झाडाझुडपांवर चादरीसारखी पसरते आणि खालच्या रोपांचं ऊन तोडते. तिच्या खोडाचा बोटभर तुकडा ओल्या मातीत पडला तरी रुजतो. गवताच्या भाऱ्यातून असे तुकडे कुठल्या कुठे जातात.

शिकार रोखण्यात नेपाळनं मोठं काम केलं. माओवादी संघर्षाच्या काळात चौक्या ओस पडल्या आणि गेंडे भराभर मारले गेले. तिथून सावरत 2011 मध्ये देशानं अख्खं वर्ष एकाही गेंड्याच्या शिकारीशिवाय काढलं. त्या जवानांना आणि वनरक्षकांना मी सलाम करतो. पण बंदूक घेऊन वेलीवर पहारा करता येत नाही. ती फुलोरा यायच्या आत मुळासकट उपटावी लागते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. उद्यानाभोवतीच्या गावांचा पट्टा, म्हणजे बफर क्षेत्र, 1996 मध्ये झालं, तेव्हापासून उद्यानाच्या उत्पन्नातला 30 ते 50 टक्के वाटा आसपासच्या गावांसाठी आहे. माझं म्हणणं असं, की त्या पैशाबरोबरच उद्यानानं आपल्याही खर्चातून वेल काढण्याची नियमित, चांगल्या मजुरीची कामं काढावीत आणि त्यासाठी आधी थारू बायकांना बोलवावं. कोणतं गवत कधी कापायचं आणि कुठे ठेवायचं, हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं.