ट्रोल: पुलाखालचा की पाण्यातला?

‘ट्रोल’ म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? मोठ्या नाकाचा, ओबडधोबड, पुलाखाली दबा धरून बसलेला राक्षस. नॉर्वेच्या लोककथेत तो पुलावरून जाणाऱ्या बोकडांची वाट अडवतो, आणि ऑनलाइन ट्रोल तुमची-आमची. इतकं चपखल बसतंय, की शब्द तिथूनच आला असणार!

मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं.

पण इंग्रजीत ‘ट्रोल’ हे मासेमारीतलं क्रियापदही आहे. चालत्या होडीमागे गळ सोडायचा, आमिष पाण्यातून ओढत न्यायचं आणि कोण तोंड मारतंय ते बघायचं. (ट्रॉलर जाळं ओढतो. तो शब्द वेगळा, गल्लत नको.) व्हिएतनाम युद्धात अमेरिकी वैमानिक शत्रूच्या मिग विमानांना हूल देऊन अंगावर ओढून घ्यायचे, त्यालाही ते ‘ट्रोलिंग’च म्हणायचे. तिथे राक्षसाचा काय संबंध?

आता इंटरनेटवर येऊ. १९९०च्या दशकाची सुरुवात, यूजनेट, म्हणजे चर्चागटांचं जुनं ऑनलाइन जाळं. त्यावर दंतकथा आणि अफवांची चिरफाड करणारा एक गट होता. तिथली मुरलेली मंडळी मुद्दाम एखादा चघळून चोथा झालेला विषय अगदी भोळेपणाचा आव आणून काढायची. जुन्यांना लगेच कळायचं, ते गालातल्या गालात हसायचे. नवखा मात्र चूक सुधारायला धावत यायचा, लांबलचक उत्तर लिहायचा. लागला गळाला! या खेळाचं नावच होतं ‘ट्रोलिंग फॉर न्यूबीज’, म्हणजे नवख्यांसाठी गळ टाकणं.

माझ्या मते वादाचा निकाल व्याकरणातच लागतो. शब्द राक्षसावरून आला असता, तर आधी माणसाला ‘ट्रोल’ म्हटलं गेलं असतं आणि त्यावरून क्रियापद बनलं असतं. पण इथे सुरुवातीला दिसतं ते ‘ट्रोलिंग’, म्हणजे क्रिया. ‘ट्रोल’ हे नाम आलं तेही बऱ्याचदा माणसासाठी नाही, तर त्या खोडसाळ पोस्टसाठी. म्हणजे आमिषासाठी! फसलेल्याला मग चार अक्षरं ऐकवायची: वायएचबीटी. ‘यू हॅव बीन ट्रोल्ड.’

मग राक्षस आला कुठून? आयता मिळाला. शब्द ऐकायला तोच, त्यामुळे गळ टाकणाऱ्यालाही लोक ‘ट्रोल’ म्हणू लागल्यावर चेहरा शोधावा लागला नाही. पुढे थट्टा मागे पडली. शिवीगाळ, धमक्या, एखाद्यावर झुंडीनं तुटून पडणं, सगळंच ‘ट्रोलिंग’मध्ये जमा झालं. तेव्हा तर तो चेहरा जास्तच शोभायला लागला.

या अदलाबदलीत एक गंमत झालीय. आपण म्हणतो ना, ‘ट्रोलला खायला घालू नका’, म्हणजे त्याला उत्तर देऊ नका? मूळ खेळात आमिष टाकायचा तो, आणि खायचो आपण.